शारजाची खोली, दुबईचा एक्स्पो

शारजा,
७ नोव्हेंबर २०२१

प्रिय शगुफ्ताआपा,
अस्सलामु अलैकुम. वि. वि.

तुझ्या हट्टापायी हाताने लिहितो आहे. पुरात अब्बांची कुवेतहून आलेली पत्रं चिखलात गेली, म्हणून आता माझी साठवणार म्हणतेस. पण अब्बांचं अक्षर सुंदर होतं, माझं बस चालवणाऱ्याचं आहे. वाचता आलं नाही तर तुझ्या लेकीला, अलीशबाला विचार, पोरीचे डोळे तरुण आहेत.

आधी कामाचं. माझ्या इमारतीत चौथ्या मजल्यावर सेजल नावाची पोलादपूरकडची मुलगी राहते. दवाखान्यात नर्स आहे. तिथे पेशंटची नोंद करायला एक मुलगी हवी आहे. मी आपल्या अलीशबाचं नाव सांगितलं. डिसेंबर संपायच्या आत हो की नाही कळवायचं आहे. राहील सेजलबरोबर. मी खाली तिसऱ्या मजल्यावर आहेच. आणि खोलीची काळजी करू नकोस. उदाहरणाला माझीच घे: मोठी खिडकी, भरपूर हवा, चोवीस तास पाणी, स्वच्छ स्वयंपाकघर, सोबतचे दोघेही शांत स्वभावाचे. कशाची म्हणून उणीव नाही.

आता अलीशबासाठी एक्स्पोची हकिगत. सध्या माझी बस त्याच कामावर आहे. शारजाहून लोकांना दुबईला एक्स्पोच्या गेटवर सोडायचं आणि परत आणायचं. सुट्टीच्या दिवशी मी आत जाऊन आलो. आपा, पायांचे तुकडे पडले. प्रत्येक देशाचं वेगळं दालन आणि दालनापुढे रेशनला लागावी तशी रांग. एका ठिकाणी हातात छत्री देऊन अंधारात पाऊस दाखवतात. एका जागी उंच भिंतीवरून पाणी खाली धावत येतं. पोरं भिजतात आणि आया ओरडतात. भलामोठा घुमट आहे, संध्याकाळी त्यावर चित्रं हलतात आणि बघून बघून मान धरते. खायचं महाग, टेकायला जागा नाही. तरी जगात एवढे देश आहेत हे पायांना कळलं.

अम्मीला सलाम, अलीशबाला प्यार. तुझी माया आटू देऊ नकोस.
तुझा भाऊ,
मुराद

---

महाड,
१९ नोव्हेंबर २०२१

प्रिय मुराद यास,
अनेक दुआ. वि. वि.

तुझं पत्र दोनदा मोठ्याने वाचलं. छत्री देऊन पाऊस दाखवतात हे ऐकून अम्मी म्हणाली, त्या लोकांना जुलैत महाडला पाठव, आम्ही छत्रीशिवाय दाखवू. तिचं हसणं पुरानंतर पहिल्यांदा ऐकलं. भिंतीवरची चिखलाची रेघ दोन वेळा चुना मारूनही वर येतेच आहे.

अलीशबाला जायचंच आहे. ती मला विचारत नाही, विमानाच्या तारखा सांगते. कामासाठी जाते आहे की एक्स्पोसाठी, असं मी विचारलं, तर म्हणाली की अम्मी, दोन्हींसाठी जाऊ नये असं कुठे लिहिलंय?

मुराद, आता रागावू नकोस. अब्बांची पत्रं अम्मी कशी वाचायची आठवतं ना? जेवण उत्तम आहे असं आलं की ती काळजीत पडायची. उन्हाने जीव जातो, मुकादम खडूस आहे असं आलं की निवांत झोपायची. कुरकुरायला वेळ आहे म्हणजे माणूस ठीक आहे. आपल्याकडे घरोघरी आखातातली पत्रं अशीच वाचली. म्हणून तुझ्या एक्स्पोबद्दल माझ्या मनात काही नाही. एवढी पायपीट आणि एवढी तक्रार म्हणजे तू खरंच फिरलास. पण ती खोली! एका दमात एवढी स्तुती, आणि तक्रार एकही नाही? खिडकी कुठे उघडते? दोघे सोबती आहेत की आठ? माझी मुलगी तुझ्या डोक्यावरच्या मजल्यावर झोपणार, म्हणून विचारते. मी सावध आहे की नुसती संशयी, हे माझं मलाच ठरवता येत नाही.

सेजलच्या घरचे कसे आहेत ते बघायला एसटीने पोलादपूरला जाऊन आले. तिथून वर आंबेनळी घाटाच्या वाटेला त्यांची वाडी. तिचे वडील मोरूकाका चहा पाजून म्हणाले, पोरगी सुखात हाय, पण फोनवर लय हसते, म्हणून इस्वास बसत नाय. मग मलाच विचारू लागले, तुझा भाव खालच्या मजल्यावर ऱ्हातो ना, मग त्याच्यावर लक्ष कोण ठेवतो? प्रश्न बरोबर होता.

हे पत्र आपल्या शेजारचा इम्रान घेऊन येतो आहे. सोबत दासगावचे सोडे, सुकी कोळंबी, आहेत. त्याला नीट बसव, चहा पाज, जायची घाई करू नकोस.

अम्मीच्या दुआ. मोकळं लिहीत जा, एवढंच मागणं.
तुझी आपा,
शगुफ्ता

---

शारजा,
३ डिसेंबर २०२१

प्रिय आपा,
सलाम. वि. वि.

सोडे मिळाले. इम्रानही मिळाला.

त्याने चहा घेतला आणि फ्रिज उघडून पाहिला. खाटा मोजल्या. माझी गादी दाबून पाहिली. बाथरूमला तीनदा गेला आणि तिन्ही वेळा नळ सोडून बघितला. माझ्या सोबत्याने मला बाजूला घेऊन विचारलं की हा घरमालकाचा माणूस आहे का. शेवटी मीच विचारलं. इम्रानला खोटं बोलता येत नाही. मान खाली घालून म्हणाला की शगुफ्ताआपाने बघून यायला सांगितलंय.

आपा, तू माझ्यामागे माणूस लावलास. कंपनीने लावला असता तर एवढं वाटलं नसतं.

ऐक. खोली खरी आहे. लिहिली तशीच आहे. अकरा वर्षं मी एका खोलीत दहा-बारा माणसांत काढली. तेव्हा तुला काही लिहिलं नाही. आता पहिल्यांदा चांगली खोली मिळाली, आनंदाने चांगली म्हणून लिहिली, तर तीच तुला खोटी वाटली!

आणि ज्या गोष्टीवर विसंबून तू निवांत झालीस, ती खोटी आहे. मी एक्स्पोच्या आत गेलेलो नाही. एकदाही नाही. लोकांना गेटवर सोडतो, पार्किंगमध्ये थांबतो आणि परत आणतो. जाताना लोक नटूनथटून हसत बसतात. परतताना बूट काढून तक्रारी करतात. कुणाचे पाय, कुणाची मान, कुणाचं भिजलेलं पोर, कुणाचं महाग जेवण. त्या तक्रारी जोडून मी तुम्हाला एक्स्पो दाखवला. तू ओळखलंस ते चुकीचं नव्हतं. फिरलेल्या माणसाचीच तक्रार होती ती, फक्त तो माणूस मी नव्हतो.

घरातला चिखल काढताना अलीशबाने मला फोन करून सांगितलं होतं की मामू, एक्स्पो तू आधी बघ आणि मला सगळं सांग. रोज गेटपर्यंत जाणारा मामू आत जात नाही हे तिला कसं सांगू? सुट्टीला अंथरूण हवंसं वाटतं हे एक. आणि तिथे सगळे आपापल्या घरच्यांना घेऊन येतात. एकट्याने आत जायचं अवघड वाटतं.

अलीशबाचं तुझं तू ठरव. मी आता एक शब्द बोलणार नाही. कळवायची तारीख मात्र तीच आहे.

अम्मीला यातलं काही सांगू नकोस. जमलं तर माया ठेव.
मुराद

---

महाड,
१६ डिसेंबर २०२१

प्रिय मुराद यास,
दुआ. वि. वि.

हे पत्र तीन वेळा लिहून फाडलं. माफी मागायला बसले की हात आपोआप सफाई द्यायला लागतो. म्हणून सरळ लिहिते: चुकले. तू चांगली खोली मिळाल्याचं सांगत होतास आणि मी तुझ्या आवाजात अब्बांना ऐकत होते.

तरी एक प्रश्न सुटला नाही. मला बरं वाटावं म्हणून तू एक अख्खा एक्स्पो उभा केलास. उद्या अलीशबाला काही झालं, तर मला बरं वाटावं म्हणून काय काय उभं करशील? आणि दुसरीकडे, भावाच्या घरात माणूस पाठवणाऱ्या बाईला असं विचारायचा हक्क तरी आहे का? डायरीत दोन्ही बाजू लिहून पाहिल्या. कुठलीच खोडता आली नाही.

काल मोरूकाका महाडच्या बाजाराला आले होते, ते आपल्याकडे आले. बसल्या बसल्या कबूल केलं की इम्रान जातो आहे हे माझ्याकडून कळल्यावर त्याला त्यांनीही काम सांगितलं होतं. सेजलच्या खालच्या मजल्यावर राहणारा माणूस कसा आहे ते बघून ये म्हणून. इम्रानने त्यांना फोनवर कळवलं, मानूस बरा हाय, पण मी काय करतोय तेच बघत बसला व्हता. मुराद, बिचारा इम्रान एकाच चहावर दोन घरांची हेरगिरी करत होता. मी हसले, मोरूकाका हसले, पण दोघांच्या मनात मुलीच होत्या.

जाताना ते म्हणाले, आपन हितं बसून कितीबी डोळे लावले तरी दिसायचं नाय गो, तिथल्या मानसाकडनंच बघावं लागतं.

तेव्हा अलीशबा येते आहे. दवाखान्याला हो म्हणून सांग. माझ्या दोन अटी आहेत. एक्स्पो संपायच्या आत तिला घेऊन आत जा. दुसरी अशी की तिचं बरंवाईट, अगदी लहानसंसुद्धा, मला लिहायचं. खुशाली नको, ती मला फोनवर रोज मिळेल. घडलं असेल ते लिही, मला झोप लागो न लागो.

अम्मी तुझ्यासाठी फेण्या करते आहे. रागावलेला असलास तरी खा.
तुझीच,
शगुफ्ताआपा

---

शारजा,
२० फेब्रुवारी २०२२

प्रिय आपा,
अस्सलामु अलैकुम. वि. वि.

गेल्या सुट्टीला अलीशबाला घेऊन आत गेलो. मी फार लिहू शकेन असं वाटलं होतं. लिहिता येत नाही. सगळं एकदम अंगावर येतं. घुमटाखाली उताणे पडलेले लोक पाहिले, आम्हीही पडलो. माझी मान दुखली नाही.

पण त्या पाण्याच्या भिंतीचं सांगायला हवं. पाणी वरून आवाज करत धावत येतं आणि पोरं त्यात घुसून नाचतात. तासभर पुढे पुढे पळणारी अलीशबा तिथे माझ्या मागे येऊन उभी राहिली. माझी बाही धरली. मी म्हटलं, चल जवळ जाऊ. तर म्हणाली, नको मामू, हा आवाज त्या पुरासारखाच आहे. आम्ही लांबूनच पाहिलं. थोड्या वेळाने तिने बाही सोडली, पण पुढे गेली नाही. हे मला बसमधल्या कुणीच सांगितलेलं नव्हतं.

आता दवाखान्याचं. परवा एकाच नावाचे दोन पेशंट आले आणि तिने एकाचे कागद दुसऱ्याच्या फायलीत लावले. डॉक्टरांच्या वेळीच लक्षात आलं. कुणाला अपाय झाला नाही. पण सगळ्यांसमोर बोलणी बसली, आणि आणखी एक चूक झाली तर घरी पाठवू असं सांगितलं. संध्याकाळी ती जिन्यात बसून रडत होती. सेजलने वर नेलं, मी भात आणि सोड्याचं कालवण घेऊन गेलो. जेवली नाही. काल कामावर गेली, आजही गेली. नाव वाचून झालं की आता जन्मतारीख विचारते. राहील की परत येईल, हे मला आज सांगता येत नाही.

रोज फोनवर ती तुझ्याशी हसून बोलते, ते मी शेजारी बसून ऐकतो. तिने मला शपथ घातली आहे की मामू, यातलं अम्मीला काही लिहू नकोस.

मी लिहिलं आहे. तिला कळलं तर ती माझ्याशी बोलणार नाही, तेवढं सांभाळ.

अम्मीला सलाम. दोघींची माया माझ्यावर राहू दे.
तुझा,
मुराद