खंडेनवमीला उघडं राहिलेलं इंजिन

अण्णा,

आज एक जुनी गाडी आली. दारात उभी राहिली तेव्हाच तिच्या पुढच्या अंगातून खळखळ ऐकू आली आणि बॉनेट न उघडताच मी मालकाला सांगितलं, टायमिंगची चेन गेली. तुम्ही गिऱ्हाइकाला समजवायचे तसंच समजवलं: ही साखळी सैल झाली की इंजिन दमेकऱ्यासारखं चालतं, आणि ती काढली की गाडी म्हणजे नुसतं लोखंड. तुमचे शब्द माझ्या तोंडून निघाले आणि माझं डोकं फिरलं. काम अर्धं टाकलं, हात धुतले आणि लिहायला बसलो. पत्ता कुठला घालणार, तेव्हा मनात येईल ते लिहितो. गावात तुमचं नाव निघालं की लोक अजून हात जोडतात. सात रस्त्यावरचा पानवाला कालच म्हणाला, "तुमचे अण्णा म्हंजी देवमानूस. असा नेमाचा मानूस पुन्हा हुनार न्हाय." मी पान तोंडात कोंबलं आणि चालू लागलो. तुमचा नेम मला जेवढा ठाऊक आहे तेवढा कुणालाच नाही.

त्या वर्षी वकिलांची गाडी आपल्याकडं दुरुस्तीला होती. मोहोळच्या खेपा करून करून तिची चेन पार गेली होती आणि मुंबईहून नवी चेन पार्सलनं आली होती. अष्टमीला आपण दोघांनी रेडिएटर उतरवला, पुढचं झाकण काढलं, जुनी चेन काढली. आजच नवी चढवू म्हणालो, तर तुम्ही म्हणालात, "हत्यारं धुवायची हायती. उद्या खंडेनवमी." झालं. पान्हे, पकडी, हातोडे रॉकेलनं धुऊन पुसले. नवमीला सकाळी ते पाटावर मांडून हळदकुंकू, झेंडूची फुलं, नारळ. दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हा आपल्या घरचा नेम. इंजिन तसंच उघडं.

दुपारी मैंदर्गीहून मामांचा गडी आला. आई तिथं माहेरी गेली होती आणि तापानं तिनं अंथरूण धरलं होतं. गडी पाणीसुद्धा प्यायला नाही. "अक्कांचं काय खरं न्हाय, मालक. डाक्टर घिऊन आत्ताच्या आत्ता निगा." आगगाडी निघून गेली होती. उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारींना हार घालून त्यांचे ड्रायव्हर आपापल्या गावी गेले होते. मी वकिलांकडं धावत गेलो, ते म्हणाले, गाडी खुशाल न्या. डॉक्टर पेटी भरून तयार बसले. अडलं होतं ते फक्त चेनपाशी. मी पाटाकडं हात नेला आणि तुम्ही माझं मनगट धरलंत. माझ्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा, आणि तुम्ही मला लहान पोरासारखं मागं ओढलंत. "पूजा बाटवू नगंस. उद्या सकाळी बशिवतो. देवी बगून घेईल तिला." मी म्हटलं, "अण्णा, आई मरंल की!" तुम्ही डोळे मिटून घेतलेत. मला तुम्ही अजून तसेच दिसता. पाटासमोर मांडी घालून बसला आहात, उदबत्ती जळते आहे, मागं उघड्या इंजिनातून तेल ठिबकतं आहे आणि तुम्ही मान वळवत नाही.

दसऱ्याला उत्तरपूजा करून तुम्ही चेन चढवलीत. सुरेख चढवलीत, गाडी पहिल्याच हँडलला लागली. मैंदर्गीत पोचलो तर मामा दारात उकिडवे बसलेले. "दाजी, पहाटंच गेली की. रातभर मोटारीच्या आवाजाकडं कान लावून हुती." डॉक्टरांनी पेटी गाडीतून उतरवलीसुद्धा नाही.

एवढ्यावर मी तुम्हाला माफ केलं असतं. खरंच केलं असतं. भोळा माणूस, देवाला भ्याला, नेम मोडवला नाही, असं म्हणून सोडून दिलं असतं. पण पुढच्या वर्षीची नवमी आली. दुसऱ्या दिवशी आईचं वर्षश्राद्ध होतं. एका गिरणीच्या साहेबाची गाडी स्टेशनला जाताना सात रस्त्यावर बंद पडली, त्याचा पट्टेवाला पळत आला, आणि तुम्ही पाटावरचा पान्हा उचललात. फूल बाजूला सारलंत, कुंकू धोतराला पुसलंत आणि निघालात. परत आलात ते हसतमुखानं. मी बघतच राहिलो, तेव्हा म्हणालात, "अडल्या मानसाचं काम हाय. देवाला कळतंय की." देवाला कळतं हे तुम्हाला वर्षभरानं कळलं! मग आई कोण होती, अण्णा? ती अडलेली नव्हती?

त्यानंतर मी तुमच्याशी कामापुरतं बोललो. तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा औषधपाणी सगळं केलं, कुणाला नाव ठेवायला जागा ठेवली नाही, पण तुमच्या उशाशी बसलो नाही. माझ्याकडं खंडेनवमीला कामं चालतात. लोक नाकं मुरडतात. बायको गुपचूप एखाद्या पान्ह्याला कुंकू लावून ठेवते, आणि मी ते चिंधीनं पुसून टाकतो.

सगळ्यांना मी एकच सांगत आलो, बायकोलासुद्धा: अण्णांनी हात धरला नसता तर मी चेन बसवली असती. ते खरं नाही. चेनच्या दातेरी चाकांवरच्या खुणा वकिलांच्या गाडीसारख्या झिजल्या की कुठला दाता कुठं घ्यायचा ते तुम्ही प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून, हवेच्या दाबावरून ठरवायचे. मला ते तेव्हा येत नव्हतं. पुढं हुबळीला जाऊन शिकलो. त्या नवमीला तुम्ही मनगट सोडलं असतंत तरी मी चेन चुकीची चढवली असती, गाडी लागली नसती, आणि शेवटी तुम्हालाच हाक मारावी लागली असती. त्या हाकेला तुम्ही उठला असता का, एवढंच मला विचारायचं होतं. तुम्ही जिवंत होता तोवर विचारलं नाही. "उठलो असतो," म्हणाला असतात तर दोष हाक न मारणाऱ्या माझ्याकडंही आला असता, याची मला भीती वाटत होती.