तिसरी गोळी

३ फेब्रुवारी
आईला दौंडच्या दवाखान्यातून आमच्या राहू गावी घरी आणलं. मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झालंय. दुखण्याच्या दोन गोळ्या दिल्यात. एक सुजेची, जेवल्यावर. दुसरी जोरदार, गुंगी आणणारी, फारच दुखलं तर. डॉक्टर म्हणाले, "या दोन एकत्र चालतात. तिसरी विचारल्याशिवाय नको." शितल लिहून घेत होती. म्हणालो, राहू दे. कुरकुंभच्या औषध कंपनीत नऊ वर्षं गोळ्यांच्या पॅकिंगला आहे मी. बायकोने स्वयंपाक बघावा, मेडिसिन डिपार्टमेंट माझ्याकडे.

५ फेब्रुवारी, सकाळी
आई कण्हते. माझ्या कंबरेची गोळी कपाटात होती. नाव वेगळं, रंग वेगळा, म्हणजे औषध वेगळं. दिवसातून दोनदा सुरू केली. शितलला सांगितलं नाही. उगाच टेन्शन घेते.

६ फेब्रुवारी
आई गुंगीत. दोन्ही वेळा जेवली नाही. गोळ्या मात्र टायमावर. "ज्ञानेश, पोटात आग पडलीया रं," म्हणाली. उद्यापासून तिखट बंद.

८ फेब्रुवारी
शी डांबरासारखी काळी. लोहाच्या गोळीने होतं, म्हणालो. शितलने विचारलं, ती कुठं चालू आहे? तेवढ्यात उशीला टेकवून बसवलेली आई भोवळ येऊन कलंडली. गाडी काढली.
पोटात रक्तस्राव. डॉक्टरांनी विचारलं, दुसरं काही घेतलं होतं का? आईच बोलली, "व्हय. कपाटातली गोळी. म्याच घेतली." डॉक्टर म्हणाले, "ती पण सुजेचीच. एका जातीच्या दोन, आन् उपाशीपोटी!"
मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो.

९ फेब्रुवारी
आईला रक्त चढवलं. हात गार लागला. डॉक्टरांना खरं सांगणारच होतो, पण ते बिझी होते. माझ्याजवळ दोनदा थांबले, तरी बिझीच वाटले.

१० फेब्रुवारी
शितलला सांगितलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

१२ फेब्रुवारी
रक्त थांबलंय. डिस्चार्ज. डॉक्टरांना गाठलं, भाषण पाठ करून गेलो होतो. दुसऱ्याच वाक्याला म्हणाले, "माहीत आहे. जिला कूस बदलता येत नाही, ती कपाटापर्यंत गेली कशी?"
सुजेच्या गोळ्या बंद. बाकीचं त्यांनी शितलला समजावलं. मी पिशव्या उचलल्या.
गाडीत आईने हळूच विचारलं, "तुला रागावलं का रं डॉक्टर?"
न्हाई म्हणालो.
"मग बरं," म्हणाली, आणि गोळीसाठी शितलपुढे हात केला.