चादरीचं दुसरं टोक

प्रिय ताई,

प्रिय लिहिलंय ते पत्राला वर काहीतरी लागतं म्हणून. त्यात फार अर्थ शोधत बसू नकोस. हे पत्र मी तुझ्या एप्रनच्या खिशात ठेवणार आहे, सकाळपाळीच्या खुंट्यांवर डावीकडून दुसरा, खिशाला निळा दोरा घातलेला. कपडे बदलायच्या खोलीत उभ्या उभ्या वाचू नकोस, तिथे तुमच्या त्या तिघी माना लांब करून बसलेल्या असतात. घरी नेऊन वाच. माझं अक्षर चौथीत शाळा सुटली तेव्हा होतं तसंच आहे, त्याला नावं ठेवायची असतील तर मनात ठेव.

पहिलं म्हणजे, त्या मऊबाईला माझ्या दारात पाठवणं बंद कर. मानसोपचार केंद्रातली बाई, आपल्या लाँड्रीत मनाच्या आरोग्याचं सांगायला येते ती. तुमच्या पाळीत तिला काय म्हणतात माहीत नाही, दुपारपाळीत आम्ही मऊबाई म्हणतो, कारण ती बोलायला लागली की कुणीतरी शेजारी कापूस पिंजत बसलंय असं वाटतं. पहिल्या दिवशी तिने आम्हाला जेवणाच्या खोलीत बसवलं आणि सांगितलं, डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या. वाफेत आठ तास काढणाऱ्या बायकांना श्वास शिकवायला निघालेली. डोळे मिटल्यावर निम्म्या जणी झोपल्या, त्यातली एक घोरली. मग म्हणाली, आपल्या दुःखाला नाव द्या. बॉयलरवाला म्हणाला, दिलंय की, मुकादम. मुकादम मागेच उभा होता. त्या दिवशी तेवढाच काय तो मनावर उपचार झाला.

त्यांनी सगळीकडे चालवलंय ते. बसथांब्यावर फलक, बेकरीच्या काचेवर कागद, केस कापायच्या दुकानात आरशाखाली कागद. मन मोकळं करा, मन मोकळं करा. मन म्हणजे काय मोरी आहे, बोळा काढला की झालं मोकळं? मी हे तिला तोंडावर म्हटलं. ती हसली आणि वहीत लिहून घेतलं. मला राग येतो तो याचा. या बाईला टाकून बोललं तरी ती लिहून घेते.

मग त्या चिठ्ठ्या. तुमच्या पाळीलाही दिल्याच असतील. जे आजवर कुणालाच सांगितलं नाही असं एक वाक्य लिहा, नाव लिहू नका, घडी घालून पेटीत टाका. मग त्या घड्या तशाच दोरीला चिमट्यांनी लावणार, जेवणाच्या खोलीत, ज्याला वाटेल त्याने उघडून वाचायची आणि परत लावून ठेवायची. म्हणजे आपल्यासारखंच दुसऱ्याचंही जळतं हे माणसाला कळतं म्हणे. कुणी लिहिलं हे कुणालाही कळणार नाही, असं छातीवर हात ठेवून सांगितलं तिने. घडी घालण्यात जन्म गेलेल्या साठ बायकांसमोर सांगितलं. अगं, आम्ही इथे टॉवेल बघून सांगतो कुणी ठेवलाय. मुकादम त्याच्या रुमालाची घडी घालतो ती भांडायला निघाल्यासारखी, हे सगळ्यांना माहीत आहे. एवढी शिकलेली बाई, तिच्या डोक्यात आलं नाही.

माझ्याही आलं नाही, ते सोड. रोलरमध्ये चादर अडकली होती, दहा मिनिटं हाताला काम नव्हतं, समोर पेन्सिल होती. लिहिलं आणि टाकलं. कामावर आपण चौघडी घालतो, मालकाची पद्धत. पण कागद माझ्या हाताने दुमडला तो आईच्या घडीने. तीन भाग, मग सुटं टोक आत खोचायचं, फेकला तरी उघडत नाही. दोरीवर टांगल्यावर लांबून दिसली मला. खिडकीपासून तिसरी, हिरवा चिमटा. बाकीच्या चिठ्ठ्या चुरगळलेल्या, आणि मध्ये ही एकटी आईची घडी, ऐटीत.

काढून घेता आली असती. नाही काढली. रोज जेवताना बघायची. कुणी उघडली तर कळलंच असतं, कारण ती घडी परत घालणं दुसऱ्या कुणाच्या बापाला जमणार नाही. तीन दिवस तशीच होती. चौथ्या दिवशी आले तर घडी तीच, तीन भाग, टोक आत खोचलेलं. पण डाव्या बाजूने. मी घास हातात धरून बसले. शेजारची म्हणाली, काय गं, खडा लागला का. हो म्हटलं.

जगात डाव्या बाजूने खोचणारी एकच बाई आहे, आणि आई तिला म्हणायची, तुझ्या हाताने घातलेली घडी आरशात बघितल्यासारखी दिसते.

तू वाचलंस. वाचून चिठ्ठी परत लावलीस, हिरव्या चिमट्यानेच. आणि मी वाट बघत बसले की आता ही येईल. पाळी बदलताना फाटकात गाठेल, चार माणसांत कागद नाचवेल. मी उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती, एकेक अशी की तू परत तोंड वर केलं नसतंस. तू आली नाहीस. शनिवारी कोण आलं? मऊबाई. हातात सफरचंदं. सफरचंदं बघूनच समजले, तूही आईकडे यायचीस तेव्हा हेच आणायचीस.

मी तिला म्हटलं, कुणाला कळणार नाही म्हणालात, आणि आठव्या दिवशी माझा दरवाजा वाजवताय. ती म्हणाली, चूक झाली, घड्या ओळखू येतील हे आमच्या ध्यानातच आलं नाही. म्हणाली, चिठ्ठी कुणाची ते मी विचारलं नाही, मला फक्त एकीने सांगितलं की या पत्त्यावर जा आणि थोडा वेळ बस. ती कोण, ते काही केल्या सांगेना. बसली. वही काढली नाही, तेवढं शहाणपण आहे तिच्यात. शेवटी मला काही सुचेना म्हणून मी वाळलेली चादर आणली आणि तिला दुसरं टोक धरायला दिलं. ताई, तिला चादर धरता येत नाही. ओढायची तेव्हा सोडते, सोडायची तेव्हा ओढते, पुढे यायचं तेव्हा जागेवर उभी. घडी व्हायची तिचं बोचकं झालं. तशीच ठेवलीय अजून.

तेव्हापासून मी चिडलेय आणि ते उतरत नाही. तुझ्यावर चिडलेय. तू कायम हेच केलंस. आई माणसं विसरायला लागली, कपडे काढून दारात उभी राहायला लागली, तेव्हाही तू सुट्टीच्या दिवशी यायचीस, सफरचंदं चिरायचीस, तिला भरवायचीस आणि मला शिकवायचीस. तिच्यावर ओरडू नको. तिला रागावू नको. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. रात्रंदिवस तिच्याबरोबर राहणारी मी होते. ती मला चोर म्हणायची, तुला माझी लेक म्हणायची. हे मी कधी कुणाजवळ बोलले नाही, आता लिहितेय.

आणि तू म्हणालीस, मी सकाळपाळी मागून घेते, सकाळी तू घरी थांब, दुपारी मी येऊन बसते. म्हणजे आई एकटी राहणार नाही. मुकादमाशी बोलूनसुद्धा आली होतीस. मी काय म्हणाले ते तुला आठवत असेल. तुझ्या उपकाराशिवाय मेलो नाही आम्ही. असंच म्हणाले ना. मग आई गेल्यावर तू सकाळपाळी घेतलीसच, माझं तोंड दिसू नये म्हणून. आता चार वर्षं तू बाहेर पडतेस तेव्हा मी आत येते. बरोबर तेच वेळापत्रक जे तू तेव्हा मागत होतीस. मी रोज दुपारी घड्याळात कार्ड घालताना हे बघते. तुला काय वाटतं, मला मऊबाईने येऊन सांगायला हवं होतं की मन नावाची काही वस्तू असते?

त्या दिवशीचं आता लिहिते, नाहीतर एवढी शाई फुकट. तू शेजारणीचा फोन आला म्हणून धावत आलीस, माझ्या मागोमागच. आई दारामागे पडलेली, माझ्या हातात कुलूप. मामा होते, मावशी होती, जिन्यात अर्धी चाळ उभी होती. तू विचारलंस, बाहेरून कुलूप लावून गेली होतीस का. आणि मी काय केलं? चोराच्या उलट्या बोंबा. म्हटलं, कामावरून कधीच आले होते, खाली दूध आणायला गेले होते पाच मिनिटं, कुलूप टेबलावरून उचललंय. म्हटलं, ही कधी येत नाही, जात नाही, आणि आज आईच्या उशाशी उभी राहून माझ्यावर आळ घेते. सगळ्यांना पटलं. का नाही पटणार, आईचं गू-मूत काढणारी मी होते. अकरा दिवस आई दवाखान्यात होती, त्या अकरा दिवसांत मावशीने तुला पाणी विचारलं नाही. मामा अजून तुझं नाव निघालं की म्हणतात, सख्ख्या बहिणीवर खोटा आळ घेतला तिने. मी तिथे बसलेली असते. ऐकते आणि कप विसळायला उठते.

त्यानंतर मी घराला कुलूप लावलेलं नाही. कडी लावून कामाला जाते. शेजारीण म्हणते चोर येतील. येऊ देत, ते बोचकं घेऊन जातील.

तर आता ऐक, हे पत्र का लिहिलं. ती चिठ्ठी मी दोरीवरून काढली आणि इथे आत घातलीय. तू एकदा वाचलीयस, पण तेव्हा खाली नाव नव्हतं. मी आईला बाहेरून कुलूप लावून कामाला जायचे, त्या दिवशी ती आतून दार वाजवत होती, मी ऐकलं आणि गेले. एवढंच आहे. त्याखाली आता मी माझं पूर्ण नाव घातलंय, पेनाने, खोडता येणार नाही असं. मामांना दाखव, मावशीला दाखव, हवी तर बसथांब्यावर त्या फलकाशेजारी चिकटव. तुझी वस्तू आहे ती, चार वर्षं माझ्याकडे राहिली. आणि मऊबाईला पाठवू नकोस. ती रागवत नाही, तिचा मला काय उपयोग. मला रागवायचा हक्क असलेली बाई एकच उरलीय आणि ती सफरचंदं पाठवते. रविवारी लाँड्री बंद असते. घरी ये. दार वाजवू नको, कडी काढ आणि आत ये. जे बोलायचं ते सगळं बोल, मी मध्ये एक शब्द बोलणार नाही, ते मला जमेल असं नाही पण बघते. फक्त चादरीचं दुसरं टोक धर आणि मग बोल. ते बोचकं मला एकटीला उलगडता येत नाही.

तुझीच,
धाकटी