दोघी उरेपर्यंत

मी, खाली सही करणारी, वय सत्तरीच्या पुढे, धंदा कॉलेजच्या मुलींना बास्केटबॉल शिकवण्याचा, सध्या निवृत्त, राहणार याच घरात आणि इथून हलणार नाही, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. हृदयाचा दिला नाही. माझ्यावर कुणाचंही दडपण नाही. आणायचा प्रयत्न झाला, त्याची हकीकत पुढे येईल. याआधी मी मृत्युपत्र केलं नाही, कारण मरायचा विचार नव्हता. आजही नाही. पण उद्या सकाळी माझं ऑपरेशन आहे, त्यातून उठायची शक्यता कमी आहे असं सर्जन म्हणाले, आणि वकिलांनी कागद करायला लावले.

वकिलांचं म्हणणं असं की, "बाई, मृत्युपत्रात मालमत्तेपुरतंच लिहायचं असतं." मी म्हटलं, माझी मालमत्ता म्हणजे दोन खोल्या आणि एक तोंड. दोन्हींची व्यवस्था लावून जाते. त्यांनी हात टेकले आणि लिहून घेतायत.

कलम पहिलं, घर. दोन खोल्या, पुढचं अंगण, अंगणातला लोखंडी खांब, त्यावरचा बोर्ड आणि रिंग, हे सगळं मी माझ्या भावजयीला देते. एकटीच्या नावावर. माझा धाकटा भाऊ, म्हणजे तिचा नवरा, याला यात वाटा नाही. तो वाईट आहे म्हणून नव्हे. तो इतका चांगला आहे की शेजाऱ्यांनी चेंडूच्या आवाजाबद्दल नुसतं तोंड वाकडं केलं, तरी हा जाऊन माफी मागेल आणि येताना पाना घेऊन रिंग काढायला चढेल. रिंग काढायची नाही. गल्लीतल्या ज्या मुली येतात त्यांना येऊ द्यायचं. फाटकाचं बिजागर कुरकुरतं, ते मात्र बघावं.

कलम दुसरं. माझी शिट्टी धाकट्याला. शिट्टीचं काम खेळ थांबवण्याचं, आणि जन्मभर यालाच कुठे ना कुठे खेळ थांबवायचा असतो. बँकेत जे काही असेल तेही त्याचंच. माझ्या आजारपणात त्याने माझी पिशवी उचलली, औषधं आणली, दवाखान्याच्या जिन्यावर मला हाताला धरून नेलं, आणि मी ओरडले तरी उलट बोलला नाही. माझा त्याच्यावर जीव आहे. हे त्याला तोंडावर सांगितलं तर तो रडेल, म्हणून इथे लिहिलं.

कलम तिसरं, कॉलेजांची स्पर्धा समिती. हिला काहीही देऊ नये. शोकसभा नको, माझ्या नावाचा चषक नको, दोन मिनिटांचं मौन तर मुळीच नको. त्या दोन मिनिटांत मुलींना खेळू द्या. या समितीने माझ्यामुळे एक नियम केला, तो अजून चालू आहे: शेवटच्या मिनिटांत फार पिछाडीवर असलेल्या संघाने मुद्दाम फाऊल केले, तर पंचांनी सामना तिथेच संपवावा. लोक त्याला फाऊलबाईचा नियम म्हणतात. फाऊलबाई म्हणजे मी. ज्या नियमाविरुद्ध भांडून माझ्या नाकी नऊ आले, त्याला माझंच नाव!

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पुढे असलेला संघ शेवटी चेंडू आपसात फिरवत वेळ काढतो. तेव्हा मागचा संघ मुद्दाम फाऊल करतो, म्हणजे चेंडूवालीला धरतो. फाऊल झाला की घड्याळ थांबतं. समोरच्या मुलीला रिंगेवर दोन मोकळे नेम मिळतात, आणि मग चेंडू बहुधा आपल्याकडे येतो. म्हणजे दोन गुणांच्या बदल्यात वेळ विकत घ्यायचा. यात फसवणूक नाही, सगळं पंचांच्या डोळ्यांदेखत चालतं. मुलीने पाच फाऊल केले की ती बाहेर. किंमत मोजूनच करतो आम्ही.

ज्या सामन्यावरून हा नियम झाला, त्यात आम्ही इतके मागे होतो की फळ्यावरचा आकडा वाचायची मलाही लाज वाटत होती. प्रेक्षक उठून चालले होते. दुसऱ्या संघाच्या सरांनी आपल्या चांगल्या मुली बसवल्या आणि बेंचच्या टोकाच्या मुली उतरवल्या. आमच्यात असा रिवाज आहे की हे झालं की सामना संपला असं समजायचं. मागच्या संघाने फाऊल बंद करायचे, हसतमुखाने वेळ जाऊ द्यायचा, मग हात मिळवायचे. मी टाइमआऊट घेतला आणि मुलींना म्हटलं, "धरा. पण पाडायचं नाही. जिच्या हातात चेंडू असेल तिला धरा." आमच्या मुली एकामागून एक पाच फाऊल होऊन बाहेर यायला लागल्या. परीक्षेमुळे बेंचवर आधीच दुष्काळ होता. शेवटी मैदानात त्यांच्या पाच आणि आमच्या दोघी उरल्या. शिडी आणि चिमणी. एकीची उंची आणि दुसरीची चण यावरून ही नावं पडली, ती आजतागायत आहेत.

तेव्हा आमचे प्राचार्य पायऱ्या उतरून थेट माझ्यापाशी आले.

"बाई, पुरे करा आता. कॉलेजची अब्रू जातेय."

"सर, गुण गेलेत. अब्रू अजून मैदानात उभी आहे."

"अहो, दोन मुली राहिल्यात तुमच्या!"

"नियमात दोघींवर सामना चालतो. एक उरली की संपतो. नियमाचं पुस्तक देऊ का?"

पुढच्या वर्षी त्यांनी माझ्याकडून संघ काढून घेतला आणि मला क्रीडा साहित्याच्या खोलीच्या किल्ल्या सांभाळायला दिल्या. त्यांचंही या कलमात काही नाही.

कलम चौथं. माझं स्टॉपवॉच त्या दुसऱ्या संघाच्या सरांना, ज्यांना आम्ही रुमालवाले सर म्हणायचो. सामना जिंकत असतानाही त्यांना घाम यायचा. त्या दिवशी त्यांनी माझ्याशी हात मिळवला नाही. मागच्या आठवड्यात मात्र मला भेटायला आले आणि खुर्ची ओढून तेच जुनं गणित मांडलं. "फरक मोठा आणि वेळ थोडा झाला की शहाण्या माणसाने थांबावं. अहो, हे खेळापुरतं नाही." मी म्हटलं, सर, तुमचं गणित बरोबर आहे, मी कधीच चूक म्हटलं नाही. हरणार हे खरं. पण घड्याळ चालू आहे हेही खरं. त्यावर ते रुमाल काढून बराच वेळ चष्मा पुसत बसले. स्टॉपवॉच चालू स्थितीत आहे.

कलम पाचवं. आता दडपणाची हकीकत.

सर्जनने विचारलं, तुम्ही शुद्धीत नसाल तेव्हा तुमच्या वतीने निर्णय कोण घेणार? काल संध्याकाळी अंगणात धाकटा, भावजय आणि मी असे तिघं बसलो होतो. धाकटा म्हणाला, "ताई, मी घेईन ना. पण खरं सांगू? नकोच करू हे ऑपरेशन. आहेत ते दिवस सुखाने काढ. आणि केलंच, आणि काही बिघडलं, तर मी लगेच सांगणार, थांबवा म्हणून. तुला त्रास झालेला मला बघवणार नाही."

मी म्हटलं, "तुला बघवत नाही म्हणून मी मरू?"

"तसं नाही गं. पण कुठेतरी थांबायला हवं की नको? त्या मॅचमध्येसुद्धा तू थांबली नाहीस. मला किती ओशाळल्यासारखं झालं होतं!"

खरी गोष्ट आहे. आईने त्याला मला घरी न्यायला पाठवलं होतं, आणि हा वरच्या रांगेत वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसला होता. सामना संपल्यावर माझ्याकडे न येता तो आधी पलीकडे गेला. शेवटी आमच्या शिडीने ज्या मुलीला धरलं होतं, तिची त्याने माझ्या वतीने माफी मागितली. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागायला गेला. माफी मागता मागता लग्न झालं, दोन मुलं झाली, आता नातवंडं आहेत, आणि माफी चालूच आहे. ती मुलगी म्हणजे माझी भावजय. इतक्या वर्षांत तिने त्या दिवसाबद्दल ताकास तूर लागू दिली नव्हती. मीही समजून चालले होते की मनातून तिचा माझ्यावर राग आहे.

काल ती म्हणाली, "अहो, माझी माफी मागत आलात, पण मला कधी विचारलंत का, त्या दिवशी मला काय वाटलं ते?"

धाकटा माफी मागायला लागला, तिने हात वर करून थांबवलं.

"मी तीन वर्षं बेंचवर होते. पाण्याच्या बाटल्या भरायचे. त्या दिवशी सरांनी मला उतरवलं, म्हणजे सामना संपला असं सगळ्यांनी धरलं. माझ्या संघाने धरलं, लोकांनी धरलं, मीपण धरलं. मला उतरवलं हीच संपल्याची खूण होती. मी नुसती घड्याळाकडे बघत उभी राहणार होते. चेंडू चुकून माझ्याकडे आला तर आमच्याच बेंचवरून ओरडले, सोड, दुसरीला दे! तेवढ्यात वन्संच्या शिडीने मला घट्ट धरलं. वन्सं, त्या अख्ख्या हॉलमध्ये तुम्ही एकट्या अजून खेळत होतात. म्हणून मीही सामन्यात आले."

पहिला नेम तिचा रिंगेला शिवलासुद्धा नाही. दुसरा आत गेला. कॉलेजात असताना तिचा तो एकुलता एक गुण.

मी म्हटलं, "अगं, पण मी ते तुझ्यासाठी केलं नव्हतं. बेंचवर बसून ट्रॅकसूट कधी न उतरवणारी मुलगी, हिचा नेम चुकणार, असा माझा हिशेब होता. तो गेला तेव्हा मी तुला चार शिव्या दिल्या होत्या."

"माहितेय," ती म्हणाली. "ऐकू आल्या होत्या. म्हणून तर. बाटल्या भरणारीला कुणी शिव्या देत नाही."

धाकटा म्हणाला, "मग हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मध्ये बोलू द्याल तर ना!"

तेव्हा, मी शुद्धीत नसताना माझ्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार मी भावजयीला देते. वकील म्हणतात, मृत्युपत्र मेल्यावरच लागू होतं, तेव्हा हे इथे लिहून उपयोग नाही. त्यासाठी वेगळा कागद केला आहे आणि तो सर्जनकडे पोचला आहे. इथे पुन्हा लिहिते ते धाकट्यासाठी. हे तो वाचेल तेव्हा मला वाद घालता येणार नाही, म्हणून आताच घालून ठेवते.

कलम सहावं. थांबायचं कधी, हे मला जन्मभर लोकांनी विचारलं, आणि मी चिडून उत्तर टाळलं. आज देते. आकडा बघून थांबायचं नाही. लोक उठून गेले म्हणून थांबायचं नाही. समोरच्याने बेंचच्या मुली उतरवल्या म्हणून तर नाहीच. दोन कारणांनी थांबायचं. धरण्याच्या जागी पाडापाडी सुरू झाली, कुणाला इजा होऊ लागली, तर. आणि आपल्या बाजूला दोघी उरल्या नाहीत, तर.

उद्यापासून माझ्या बाजूला दोघी आहेत. एक मी, एक भावजय. मी आतून धरून असेन तोवर तिने बाहेरून सोडायचं नाही, सर्जनने कितीही गणित मांडलं तरी. पण मी सुटले, आत कुणी उरलं नाही, नुसती यंत्रं माझ्या अंगाशी पाडापाडी करतायत असं तिला दिसलं, तर ती एकटी उरली. एकीवर सामना चालत नाही. तेव्हा तिने यंत्रं थांबवायच्या कागदावर न घाबरता सही करावी आणि घरी येऊन अंगणात बसावं.

आणि धाकट्या, नीट वाच. त्या सहीबद्दल तू तिच्या वतीने कुणाचीही माफी मागायची नाहीस. माझी तर नाहीच नाही.

हे मृत्युपत्र मला वाचून दाखवलं, मी ते दोनदा दुरुस्त केलं, आणि आता खाली सही करते. सही थोडी वाकडी आली आहे, ती हात सुजल्यामुळे, मत बदलल्यामुळे नव्हे.

(सही) फाऊलबाई

ठिकाण: घरचं अंगण, रिंगेखाली.
तारीख: ऑपरेशनच्या आदला दिवस, दुपार.

आमच्यासमोर बाईंनी सही केली आणि बाईंसमोर आम्ही. आम्हाला या मृत्युपत्रात काही मिळत नाही, कारण साक्षीदाराला लाभ चालत नाही असं वकील म्हणतात. त्या दिवशीही काही मिळालं नव्हतं.

साक्षीदार एक: शिडी. फाऊल मीच केला होता. मान्य.
साक्षीदार दोन: चिमणी. शेवटपर्यंत मैदानात होते. उद्याही येतेय.