तांगतांगला कुणाकडे ठेवू

२ मार्च, रविवार
परत पाठवलं! चर्चच्या फाटकावरूनच. नवी पाटी लागलीय — अठराच्या आतल्यांना मनाई. माझी तांगतांग तर चार वर्षांची! कौ काका दंडाला पहारेकऱ्याची लाल पट्टी बांधून उभे. म्हणाले, "रागावू नको, पोरी. वरून, सरकारकडून सांगितलंय. लेकरू आत दिसलं तर चर्चच बंद करतील."
सासूबाई आत गेल्या, गाणं त्याच सुरू करून देतात. मी लेकीला घेऊन भिंतीला टेकून उभी. दुसऱ्या गाण्याला ट्रक आला — त्याच्या आवाजात बुडालं सगळं.

५ मार्च
बालवाडीच्या बाईंनी बाजूला घेतलं. जेवायच्या आधी तांगतांग हात जोडून डोळे मिटते म्हणे. नूडल्स गार होतात, पोरं हसतात. "घरी कोण शिकवतं हे?" म्हटलं, टीव्हीवर बघितलं असेल.
घरी येऊन तिला बजावलं — शाळेत डोळे उघडे ठेवून जेवायचं. तर म्हणते, "का? शाळेतलं येशूला दिसत नाही?"
तिच्यापुढे वाटी सरकवली. म्हटलं, जेव आधी.

९ मार्च
चर्चला नाही गेले.

१६ मार्च, रविवार
आजही नाही. पाव वाफवायला ठेवले. हात पिठात, कान चर्चकडे. एवढ्या लांबून काय ऐकू येणार!

१९ मार्च
बाजारात कौ काका समोर आले. मी तोंड फिरवलं.

२५ मार्च
पाळकांची बायको दारात. "ईस्टरला बाप्तिस्मा आहे. ह्या वर्षी तरी येशील ना?" गेल्या वर्षी तांगतांगला गोवर. त्याच्या आधी नवऱ्याने अडवलं. ते पाणी एकदा डोक्यावर पडू दे — बास, दुसरं काही मागत नाही.
पण तांगतांगला कुणाकडे ठेवू? ज्यांच्यावर भरवसा, ती सगळी माणसं त्या वेळी आतच! बाहेर उरते शेजारची फान मावशी. तिच्या कानावर पडलं की बालवाडीत पोचलंच.
"मी बसते बाहेर," सासूबाई म्हणाल्या. पण त्यांच्याशिवाय गाणं उठत नाही. आणि पाण्यापाशी मला त्याच हव्यात.

१ एप्रिल
शहरातल्या बुटांच्या कारखान्यातून नवऱ्याचा फोन. बाप्तिस्म्याचं सांगितलं. "डोकं फिरलंय का तुझं? पोरीला शाळेतून काढून टाकलं तर? देव घरात बसून ऐकत नाही?"
ऐकतो रे. पण मला चारचौघांत बसायचंय. मोठ्याने आमेन म्हणायचंय. आणि भीतीही वाटते.

२० एप्रिल, ईस्टर
गेले! धुतलेले कपडे घालून, लेकीचं बोट धरून, फाटकापर्यंत. पुढे काय करणार होते, मलाच माहीत नव्हतं. काका म्हणाले, "आण इकडे तिला." मी तिला आणखीनच घट्ट धरलं.
"अगं वेडे, पाटी लागल्यापासून मी बाहेरच आहे. फाटक सोडून जातो कुठे? दे."
तांगतांग गेलीसुद्धा, मागे वळून बघितलं नाही!
पाणी कोमट होतं. रडले ते कुणाला कळलं नाही. सासूबाईंचा सूर चुकला — आयुष्यात पहिल्यांदा!
बाहेर आले तर काका विचारतात, "आज प्रवचन कशावर होतं गं?" सगळ्या गावाला आत सोडणारा माणूस, आणि ह्यांनाच काही माहीत नाही! आणि मी ह्यांच्यापासून तोंड फिरवत होते.

२७ एप्रिल, रविवार
काकांना ढकलूनच आत पाठवलं. लाल पट्टी मी बांधली. लावताना पिन बोटात गेली. तांगतांग पायाशी खडे खेळत होती. एक बाई आली, कडेवर तान्हं. पाटी वाचली अन् मागे वळली.
"ए ताई, थांब! दे त्याला माझ्याकडे. पळ तू, गाणं सुरू झालंय."