सहाशे बारा रेपो, एकच कमांड

३ जून
राजीनामा मंजूर! तीस तारखेला सुटका. एक तारखेपासून नवी नोकरी, बायको-मुलगी राहतात त्या गावात. बायकोची बदली होऊन चार महिने झाले. चार महिने स्वतःच्या हातचं गिळतोय. साहेबांची अट एकच. जुना सर्व्हर तीसला बंद होणार, त्यावरचे सगळे रेपो, म्हणजे एकेका प्रोजेक्टच्या कोडचं गाठोडं, नव्या मशीनवर उतरवून द्यायचे. एकूण सहाशे बारा. हातचा मळ!

४ जून
टेस्टिंगवाल्या बाई म्हणाल्या, यासाठी तयार टूल फुकट मिळतं. एक कमांड दिली की कितीतरी रेपो एकदम उतरतात. बिचाऱ्या. तयार कपडे घालणाऱ्याला कुणी शिंपी म्हणतं का? मी स्वतःचं टूल लिहिणार. दोन दिवस. फार तर तीन.

११ जून
टूलचं नाव ठरलं. लोगोही झाला. कोड उद्यापासून.

१७ जून, सकाळी ११
एका वेळी आठ रेपो उतरले! मग आठच का? दोनशे लावले.

दुपारी १
सर्व्हरला वाटलं, हल्ला झाला. अख्ख्या ऑफिसला त्याने दार बंद केलं. सगळे माझ्याकडे बघत बसलेत. सर्व्हर सांभाळणारे काका म्हणाले, अहो, दाराशी दोनशे माणसं एकदम आली तर घरमालक काय करेल? चार-चार पाठवा. जुनी पिढी. हो म्हणालो. चाळीस ठेवले.

२४ जून
लाल अक्षरांतले एरर फार येतात, लक्ष लागत नाही. ते दिसणंच बंद केलं. आता कसं प्रसन्न वाटतं.

२७ जून
झालं! सहाशे बारापैकी सहाशे बारा! बायकोला फोन करून सांगितलं, एक तारखेला नक्की. ती म्हणाली, मागेही दोनदा नक्कीच म्हणाला होतास. तिला टेक्निकल गोष्टी कळत नाहीत.

२९ जून
साहेबांनी एक फोल्डर उघडला. रिकामा. दुसरा, रिकामा. सहाशे बारा फोल्डर, आत शून्य. साहेब शांतपणे म्हणाले, कोड हातात आल्याशिवाय तुम्हाला सोडता येणार नाही. नव्या कंपनीकडे पंधरा दिवस मागितले. देतील. माझ्यासारखा माणूस त्यांना मिळणार कुठे?

३० जून, सकाळी १०
मिळाला. तसा मेल आलाय.

संध्याकाळी ५
दुपारी बाईंनी ते तयार टूल चालवलं. पस्तीस मिनिटं लागली. फोल्डर भरलेले. मग बाई डबा धुवायला निघून गेल्या.
राजीनामा मागे घेण्याचा अर्ज दिला. साहेबांनी लगेच सही केली. हसले असते तर बरं वाटलं असतं.
घरी फोन लावला. मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, कळलं. मग मुलगी आली. नव्या मैत्रिणीबद्दल, बाकावरच्या जागेबद्दल भरभरून बोलली. कधी येणार, असं मात्र तिने विचारलंच नाही.