आपट्याच्या जागी कांचन

सर, तुम्ही असता तर हे ऐकून माझा कान पिरगाळला असता, म्हणून तुम्ही गेल्यावर इतक्या वर्षांनी लिहितो आहे. मेहकरच्या कॉलेजात एका दसऱ्याला मी सोनं म्हणून तुमच्या हातात पानं ठेवली, तेव्हा तुम्ही मला पायाही पडू दिलं नाही. "काऊन बे, वनस्पतीशास्त्र घेतलं ना तू? हा कांचन आहे. मोठं, मऊ पान. आपट्याचं लहान असते, जाड, खरखरीत." मग विचारलंत, दोघांपैकी धोक्यात कोण? मी पुस्तकातलं सांगितलं, कोणीच नाही. तुम्ही म्हणालात, "पुस्तकाले दसरा नसते. कांचन लोकं बंगल्यापुढं लावतात, आपटा नुसता ओरबाडतात." मला तेव्हा फक्त राग आला होता.

आता मी अमडापूरजवळच्या एका गावात मास्तर आहे. शाळेमागच्या टेकाडावर आपट्याचं एकच झाड उरलंय, बाकीची माझ्या डोळ्यांदेखत गेली. हे तरी वाचावं म्हणून मी तुमचा धडा जसाच्या तसा शिकवला, दोन्ही पानं फळ्यावर चिकटवून. पोरं इतकी तयार झाली की दसऱ्याच्या सकाळी अख्खं गाव अस्सल सोनं तोडायला टेकाडावर. संध्याकाळी झाडाचा खराटा झालेला, आणि शेजारचे टेलरचाचा माझ्या हातात मूठभर पानं ठेवून म्हणतात, "घ्या मास्तर, तुमच्याच पोरायनं ओळखून आणले. एकदम असली." काय करणार, गळाभेट घेतली.

पुढच्या वर्षी मी शहाणा झालो. फाटकाजवळच्या गुलाबी फुलांच्या कांचनाकडे बोट दाखवून नव्या वर्गाला सांगितलं, हाच खरा आपटा. जुन्या पोरांना म्हटलं, पुस्तक बदललं. सातवीतली एक मुलगी उठली. "सर, हा तं कांचन हाय. पान मऊ हाय नं." मी तुमच्यासारखे डोळे वटारले. "तुले माह्यापेक्षा जास्त समजते काय? बस खाली." ती बसली. गावानं कांचन ओरबाडला. तो काय, छाटला तरी फुटतो. टेकाडावरचा आपटा यंदा उन्हाळ्यात फिकट पांढऱ्या तुऱ्यांनी फुलला. मी एकटाच बघायला गेलो आणि बराच वेळ खाली उभा राहिलो. फार आनंद झाला, सर.

हे पत्र वहीतच राहणार आहे, म्हणून उरलेलंही लिहितो. सहामाहीच्या पेपरात त्या मुलीनं कांचनाच्या चित्राखाली 'आपटा' लिहिलं, आणि मी तिला पूर्ण मार्क दिले.